शनिवारी बंद

तक्तेराव (१९३८–२००९). हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. परंतु ऑफिसातल्या शिपायापासून सासरच्या दूरच्या नातलगापर्यंत सर्वांनी ज्या नावाने त्यांना हाक मारली आणि ज्या नावाला ‘ओ’ देण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही, तेच त्यांचे पूर्ण नाव मानणे रास्त होय.

एका प्रवासी कंपनीत ते छत्तीस वर्षे सहलींचे तक्ते तयार करीत. बायबलमधील स्थळे आणि ज्यूंची जुनी वारसास्थळे यांची नऊ दिवसांची सहल ही कंपनीची मानाची सहल, आणि ती सर्वस्वी त्यांच्या अखत्यारीत होती. ज्या विहिरीवर पूर्वजांनी उंटांना पाणी पाजले असे सांगतात ती किती वाजता उघडते, जुन्या तटाच्या पायऱ्या किती (एकशे चौदा, सत्तरीपुढच्यांनी खाली थांबलेले बरे), वाळवंटातल्या गुहांकडे जाताना शेवटचे स्वच्छतागृह कोणत्या वळणावर, हे सारे त्यांच्या कागदावर असे. त्यांचा कागद कोणी तपासत नसे. “तक्तेरावांचा तक्ता तपासायचा म्हणजे सूर्याला घड्याळ दाखवायचं,” असे मालक म्हणत.

स्वतः तक्तेराव मात्र यांतल्या एकाही स्थळी गेलेले नव्हते. दर पंधरा प्रवाशांमागे एक जागा मोफत असे आणि त्या जागेवर कंपनीचा माणूस सोबत जाई. तक्तेरावांनी दरवर्षी अर्ज करावा आणि मालकांनी दरवर्षी हसून तो बाजूला ठेवावा, असा परिपाठ पडला होता. “अहो, तुम्ही गेलात तर मागे ऑफिस कोण ओढणार? इंजिनालाच डब्यात बसवायचं का?” या उत्तरात स्तुती होती, म्हणूनच त्यावर भांडता येत नसे.

सहलीतल्या सगळ्या स्थळांपैकी त्यांचा जीव एकाच ठिकाणी अडकला होता. एका लहान, जुन्या गावातले ते सिनेगॉग. म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह. त्याला लागून कबरस्तान. ज्यूंचा विश्रांतीचा वार शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, त्यामुळे तिथले दार शुक्रवारी ऋतुमानाप्रमाणे कमीअधिक लवकर बंद होई, आणि शनिवारी प्रवाशांसाठी ते मुळीच उघडत नसे. या वेळा कळाव्यात म्हणून तक्तेरावांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिथल्या रखवालदारांना पत्र लिहिले. तेव्हापासून दोघांनाही परक्या असलेल्या भाषेत, दर ऋतूला एक, असा पत्रव्यवहार सुरू झाला. वेळा, दुरुस्त्या, गळणारे छप्पर, मुलीचे लग्न, आणि शेवटी नेहमीची एक ओळ: “आपण स्वतः कधी येणार?”

तक्तेरावांच्या खणात त्या प्रार्थनागृहाचे एक छायाचित्र होते. भिंतीत एक उंच लाकडी कपाट, त्यावर पडदा. पवित्र ग्रंथाच्या गुंडाळ्या त्या कपाटात असतात, एवढे त्यांना ठाऊक होते. परत आलेल्या प्रत्येक सोबत्याला ते विचारत, “कपाट आतून कसं आहे हो?” आणि प्रत्येक जण सांगे, “बंद असतं. दाखवत नाहीत.” या उत्तराने त्यांना फार बरे वाटे. तीस वर्षांत शेकडो माणसे जाऊन आली. पण कपाट कोणी पाहिले नव्हते. त्या बाबतीत सारे जग त्यांच्याच पंक्तीला बसले होते.

सन १९९० मध्ये मालकांनी आपण होऊन सांगितले, “या खेपेला सोबतीला तुम्ही जा.” तक्तेरावांनी त्याच दिवशी नवे बूट आणले आणि ते पायात बसावेत म्हणून रोज जेवणानंतर घरातल्या घरात फेऱ्या मारू लागले.

आता त्यांच्या साडूंविषयी लिहिणे क्रमप्राप्त आहे. पत्नीच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान चष्म्यांचे दुकान चालवीत आणि सारे त्यांना चष्मेवाले म्हणत. माणूस दिलदार, आवाजाने मोठा आणि नशिबाने त्याहून मोठा. स्वतःच्या लग्नात तक्तेरावांचे घड्याळ हरवले. त्याच मांडवात पुढच्या वर्षी चष्मेवाल्यांना कोणाचे तरी सापडले आणि ते त्यांनी परत केल्यामुळे त्यांचे पंचक्रोशीत नाव झाले. तक्तेरावांनी सासूबाईंना दहा वर्षे औषधे आणून दिली. चष्मेवाल्यांनी एक चष्मा फुकट दिला, आणि सासूबाई मरेपर्यंत त्या चष्म्याचेच गुण गात राहिल्या. तक्तेरावांना हे सारे तारीखवार पाठ होते.

एका रविवारी चष्मेवाले चहाला आले आणि बुटांकडे पाहून म्हणाले, “काय साडूमहाराज, घरातच पदयात्रा?”

“मी सहलीला निघालोय. सोबतीला,” तक्तेराव शक्य तितक्या सहजपणे म्हणाले.

“अरे वा! मग आपण एकत्रच. मीही येतोय. गिऱ्हाइकांना म्हटलं, चला, एवढे चष्मे घातलेत तर काहीतरी बघून या! बावीस जण तयार झाले.”

तक्तेरावांच्या हातातली बशी जागीच थांबली. जो माणूस पूर्ण गट जमवून आणील त्यालाच मोफत जागा, हा नियम कंपनीच्या माहितीपत्रकात होता, आणि तो सुवाच्य अक्षरात तक्तेरावांनीच लिहिलेला होता. बावीस माणसांमागे जागा एकच.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, “बावीस माणसं, तक्तेराव! तुमच्या घरचाच माणूस. तुम्ही गेलात काय आणि ते गेले काय, जागा घरातच राहिली की.”

घरी पत्नी म्हणाली, “अहो, तोंड का असं उतरलंय? पैसे भरून जा की. आहेत ना बाजूला टाकलेले?”

“ज्या जागेवर माझा हक्क आहे ती सोडून मी तिकीट काढू? आणि त्यांच्या मागं मागं फिरू? ते पुढे व्याख्यान देणार आणि मी मागे पिशव्या मोजणार?”

“मग त्यांना तरी सुखानं जाऊ द्या.”

नेमके तेच तक्तेरावांना साधले नाही. त्या आठवड्यात त्यांनी गटाचा तक्ता तयार केला. नेहमीच्या क्रमाने शुक्रवारी सकाळी सिनेगॉग आणि कबरस्तान, शनिवारी वाळवंटातल्या गुहा. त्यांनी कागद यंत्रावर चढवला, बराच वेळ त्याकडे पाहिले आणि टंकले: शुक्रवार, गुहा. शनिवार, सकाळी दहा, सिनेगॉग व कबरस्तान. फक्त दोन ओळींची अदलाबदल. तीस वर्षांत त्यांच्या हातून झालेली ही पहिली चूक; आणि तीही अतिशय काळजीपूर्वक केलेली. खाली त्यांनी नेहमीप्रमाणे सही केली. मालकांनी न वाचता शिक्का मारला.

त्या शनिवारी तक्तेराव घड्याळासमोर बसून होते. तिथले दहा म्हणजे इथले किती, हे त्यांना बोटे न मोजता सांगता येई. ती वेळ झाली तेव्हा त्यांना दिसले: बंद दार, उन्हात ताटकळलेली बावीस माणसे, आणि त्यांच्यापुढे ज्याचा आवाज प्रथमच खाली गेला आहे असा एक चष्मेवाला. त्यांनी पत्नीकडे आणखी एक चहा मागितला.

“आज मोठे खुशीत?”

“काही नाही. हवा बरी आहे,” ते म्हणाले.

परत आल्यावर चष्मेवाल्यांनी आपल्या दिवाणखान्यात पडदा लावून सर्वांना पारदर्शिका दाखवल्या. विहीर आली, तट आला, गुहा आल्या. प्रत्येक चित्रात चष्मेवाले उभे होतेच. “या तटाला दोनशे पायऱ्या!” ते म्हणाले.

“एकशे चौदा,” मागून तक्तेराव म्हणाले.

“चढताना दोनशेच वाटतात हो! तुम्ही कागदावर चढलात, आम्ही पायांनी!” सगळे हसले. तक्तेरावांनीही ओठ ताणले.

मग पडदा नुसताच पांढरा झाला. “शनिवारचे फोटो नाहीत,” चष्मेवाले म्हणाले. तक्तेरावांच्या मनात मोर नाचू लागला. पण चष्मेवाल्यांनी दिवे लावले आणि खुर्ची पुढे ओढली.

“ऐका आता. दहाला पोचलो, तर दार बंद! दारावर काचेत हा एवढा तक्ता, शनिवारपुढे लाल फुली. आमच्या मंडळींनी मला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. तेवढ्यात एक म्हातारे रखवालदार बाहेर आले. मी आपला यांचा कागद पुढे केला. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला, खालची सही पाहिली, आणि माझा हातच धरला. म्हणाले, ‘या सहीचा माणूस चुकत नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. त्यानं तुम्हाला शनिवारी पाठवलं, म्हणजे प्रवासी म्हणून नाही पाठवलं. पाहुणे म्हणून पाठवलं.’ आणि घेतलं की आम्हाला आत!”

तक्तेराव मागच्या रांगेतून पुढे सरकले.

“कॅमेरे बसमध्ये ठेवायला लावले, त्या दिवशी चालत नाहीत. डोकी झाकली. बायका वर सज्जात, आम्ही खाली मागच्या बाकांवर. प्रार्थना चालू झाली, आणि मग…” चष्मेवाल्यांनी हात पसरले, “ते कपाट उघडलं.”

“उघडलं?” हा प्रश्न आपणच विचारला हे तक्तेरावांना नंतर समजले.

“सताड! आत मखमलीत गुंडाळलेल्या पोथ्या, उभ्या, लहान मुलं उभी करावीत तशा. त्यातली एक खांद्यावर घेऊन सगळ्यांमधून फिरवली. टोकांना चांदीच्या बारीक घंटा. नुसती छुन छुन, छुन छुन. तक्तेराव, त्या कपाटाला आवाज आहे हो!”

तीस वर्षांचे छायाचित्र. त्यात आवाज असेल हे तक्तेरावांच्या कधी ध्यानीमनीही आले नव्हते.

“आणि तुमची सगळी पत्रं त्यांनी एका पेटीत जपलीत. मला त्यांच्या शेजारी खुर्ची दिली. म्हणाले, ‘ही त्याची, पण आज तुम्ही बसा.’ मी बसलो.”

“बसलातच,” तक्तेराव म्हणाले.

आठवड्याने रखवालदारांचे पत्र आले. ‘आपण पाठवलेले पाहुणे पोहोचले. शनिवार पाहताच आपला मनोदय कळला. डोळे आता साथ देत नाहीत, तेव्हा विचारतो: आपण स्वतः कधी येणार?’

तक्तेरावांनी पत्र घडी करून ठेवले. उत्तर दिले नाही. तीस वर्षांत अनुत्तरित राहिलेले हे पहिले पत्र. ऑफिसात सारे अभिनंदन करीत. “काय शक्कल लढवलीत!” म्हणून मालकांनी पाठ थोपटली आणि तसा शनिवार पुढच्या सहलीतही घालायला सांगितले. “तो पुन्हा जमणार नाही,” एवढेच तक्तेराव म्हणाले. प्रत्येक स्तुतीबरोबर त्यांना चष्मेवाले त्या खुर्चीत बसलेले दिसत. खड्डा स्वतःच खणला. पण त्यात साडूंना हंडा सापडला.

दीड वर्ष असे गेले. चष्मेवाल्यांनी ती हकीकत प्रत्येक बारशात नि साठीशांतीत सांगितली. घंटा दर वेळी थोड्या अधिक वाजत. एका दुपारी ती सांगून झाल्यावर चष्मेवाले म्हणाले, “आयुष्यात मला एवढं कोणी दिलं नाही, जेवढं या माणसानं एका कागदावर दिलं,” आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

तक्तेराव त्याच संध्याकाळी यंत्रापुढे बसले. नियमाप्रमाणे त्यांनी कार्बन लावून प्रत काढली. ‘गेल्या खेपेचा शनिवार पाहुणचारासाठी नव्हता. दार बंद मिळावे म्हणून मी दोन ओळी बदलल्या. कारण हेवा. अन्य स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. ज्या माणसासाठी आपण दार उघडले तो मी नव्हे.’ पत्र टाकताना, तीस वर्षांचा स्नेह पेटीच्या तोंडात सरकवत आहोत, याची त्यांना पुरती जाणीव होती.

उत्तर रखवालदारांच्या मुलीच्या अक्षरात आले. ‘वडिलांनी पत्र दोनदा वाचून घेतले. पहिल्यांदा फार रागावले. दुसऱ्यांदा म्हणाले, तेवीस माणसे भलत्या हेतूने पाठवली गेली आणि भल्यासारखी वागली. मी माणसे पाहतो, हेतू पाहण्याइतके डोळे माझ्याजवळ नाहीत. त्याला शनिवारी यायला सांग. इतर वारी आला तर तिकीट पडेल.’

तक्तेरावांनी बाजूला टाकलेले पैसे काढले. पत्नीला म्हणाले, “आपण दोघं जायचं.”

“धाकटीला न सांगता? ती आयुष्यभर बोलून दाखवेल.”

“आणि धाकटी आली की…”

“म्हैस आली की शेपूट येणारच. सोसा थोडं.”

अशा प्रकारे सन १९९२ च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी सकाळी पावणेदहाला, तक्तेराव आपल्या तक्त्यातल्या त्या दारासमोर उभे राहिले. आणि त्यांच्या दोन पावले पुढे चष्मेवाले.

रखवालदार मुलीचा हात धरून उंबरठ्यावर आले. डोळे पुरते गेले होते. चष्मेवाल्यांनी “नमस्कार!” असा दणका दिला. म्हाताऱ्याने आवाज ओळखून त्यांना मिठी मारली. एक पत्र नाही, एक दुरुस्ती नाही, आणि पहिली मिठी यांना! तक्तेरावांचे दोन वर्षे राखून ठेवलेले बूट एकाएकी चावू लागले.

चष्मेवाल्यांना विनोद सुचला. “आज मीच तक्तेराव आहे!” ते म्हणाले.

“असं? मग सांगा, नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी हे दार किती वाजता बंद होतं?” म्हाताऱ्याने विचारले.

“शुक्रवारी… संध्याकाळी पाच?”

“दीड वाजता,” मागून हलका आवाज आला. “शेवटचा प्रवासी एक वाजता आत. आणि मागचं फाटक त्याच्या आधी पंधरा मिनिटं.”

म्हाताऱ्याने चष्मेवाल्यांना बाजूला सारले. त्यांचा हात हवेतून त्या आवाजाकडे आला, तक्तेरावांच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

आत त्यांना ती खुर्ची मिळाली. पडदा सरला, कपाट उघडले, गुंडाळी खांद्यावर घेऊन माणसांमधून फिरली, घंटा वाजल्या. खरे सांगायचे तर तक्तेरावांना त्या घंटा नीट ऐकू आल्याच नाहीत. “छुन छुन, छुन छुन” हे चष्मेवाल्यांच्या तोंडून त्यांनी इतक्या वेळा ऐकले होते की मूळ आवाज त्याच्याखाली दडपून गेला. मागच्या बाकावर चष्मेवाले डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होते. रडणेही त्यांनाच आधी साधले, असे तक्तेरावांच्या मनात आले, आणि ज्या जागी इतरांच्या मनात देव येतो त्या जागी आपल्या मनात साडू यावेत याची त्यांना लाज वाटली.

प्रार्थना संपून मंडळी बाहेर पडली तेव्हा दाराशी ते थबकले. काचेमागे तो तक्ता होता. आठ ओळी, चार रकाने, काळी शाई, शनिवारपुढे लाल फुली आणि ‘बंद’ हा शब्द. सन १९७१ मध्ये, प्रवाशांचा गोंधळ होतो अशी तक्रार आली म्हणून, त्यांनी स्वतःच्या हाताने रेघा आखून तो एका पत्रासोबत पाठवला होता आणि नंतर साफ विसरले होते.

“वडील बदलू देत नाहीत,” मुलगी म्हणाली. “एकवीस वर्षं येणारा प्रत्येक माणूस आधी हा वाचतो, मग आत येतो.”

म्हणजे चष्मेवाले इथे आले त्याआधी एकोणीस वर्षे तक्तेराव या दारात उभे होते. त्या शनिवारी ऊन खात ज्या फुलीपुढे साडू थांबले, ती फुली त्यांच्याच हातची होती. आणि चष्मे विकणाऱ्या माणसाला ते अक्षर ओळखता आले नव्हते! तक्तेरावांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांत कोणी न पाहिलेले हसू पसरले.

तेवढ्यात त्यांचे लक्ष एका ठिगळाकडे गेले. हिवाळ्याची वेळ पुढे बदलली म्हणून कोणीतरी तिथे वाकडी चिकटपट्टी लावली होती. त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

“आज लिहायचं नाही,” मुलगी हळूच म्हणाली. “शनिवार आहे.”

तीस वर्षे जगाला शनिवार समजावून सांगणाऱ्या माणसाने मान खाली घालून पेन खिशात ठेवले. घरी आल्यावर नवा तक्ता आखून त्यांनी महिन्याच्या आत पाठवला. तो त्या दारावर लागला.

रखवालदार पुढच्या वर्षी वारले. ज्यू लोक कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतात. चष्मेवाले पुन्हा तिकडे निघाले तेव्हा तक्तेरावांनी अंगणातला एक गुळगुळीत खडा निवडून त्यांच्याजवळ दिला, आणि तो निघून गेल्यावर दोन दिवस त्या खड्याचाही त्यांना हेवा वाटला. ‘दीड वाजता’ हे उत्तर पुढे चष्मेवाल्यांच्या हकीकतीत “आम्ही सांगितलं” असे होऊ लागले. तक्तेराव ते दुरुस्त करीत नसत. स्वतःकडचा कबुलीजबाब मात्र त्यांनी साडूंना अखेरपर्यंत दिला नाही. तेवढे देणे राहिले.

ते सन २००९ मध्ये गेले. तेराव्यानंतर पत्नीने फायली चष्मेवाल्यांच्या स्वाधीन केल्या. पत्रांच्या फायलीत त्यांना कार्बनची ती प्रत सापडली. त्यांनी चष्मा पुसून ती वाचली, मग पुन्हा वाचली.

“काय आहे हो त्यात?” तक्तेरावांच्या पत्नीने विचारले.

चष्मेवाल्यांचा आवाज खाली गेला. त्यांच्या बाबतीत ही नोंद करण्याजोगी गोष्ट होय. म्हणाले, “माझा हेवा करत होते म्हणे. माझा!” मग कागदाची मूळ घडी न मोडता तो परत फायलीत, त्याच तारखेच्या जागी ठेवला. “आणि मला वाटायचं, या घरात हेव्यानं कुढत बसणारा मी एकटाच.”

ती हकीकत त्यांनी पुढेही सांगितली. परंतु त्यानंतर ‘दीड वाजता’ कोणी म्हटले, हे ते दर वेळी आठवणीने नीट सांगत.